पाठवणारा आणि बोलावणारा



परदेशी जाण्याची भाषा कल्याण-डोंबिवलीला आता नवी राहिलेली नाही. शिकायला जाणं, कंपनीने पाठवलं म्हणून जाणं, लग्न होऊन जाणं, लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने जाणं, या चार कारणांचे कागद कसे जमवायचे हे इथल्या घराघरांत ठाऊक असतं. एजंट गाठावा लागत नाही, शेजारच्या विंगमधलं कुणीतरी जाऊन आलेलं असतंच. पाचवं कारण ऐकलं की मात्र ऐकणारा थबकतो. नोकरीतून लवकर मोकळा झालेला अभियंता म्हणतो, आफ्रिकेतल्या एखाद्या गावात दोन-तीन वर्षं पाण्याचं काम करीन, पगार नको. निवृत्त शिक्षिकेला निर्वासितांच्या मुलांना शिकवायचं असतं. कौतुक करून झालं की पहिला व्यावहारिक प्रश्न येतो: यासाठी व्हिसा कुठला? हा प्रश्न दिसतो कारकुनी, पण त्याच्या पोटात मोठी गोष्ट दडलेली आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दीर्घ सेवेसाठी लागणारी परवानगी कोणतंही सरकार एकट्या व्यक्तीच्या तळमळीला देत नाही. इकडे पाठवणारी एक संस्था आणि तिकडे बोलावणारी एक संस्था, या दोघींनी मिळून घेतलेल्या जबाबदारीला ते ती देतं. आणि आपल्याकडे उणीव आहे ती जाऊ इच्छिणाऱ्यांची नव्हे, पाठवणाऱ्यांची.

या शहरात हे बोलताना आनंदीबाई जोशींची आठवण टाळता येत नाही. १८६५ साली कल्याणात जन्मलेली ही मुलगी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. ती गेली शिकायला, सेवेला नव्हे, हे मान्य. पण तिच्या प्रवासाकडे कागदपत्रांच्या बाजूने पाहिलं तर एक चकित करणारी गोष्ट दिसते. तिला अडवलं ते धर्माने, जातीने, शेजाऱ्यांनी आणि पैशाच्या चणचणीने. व्हिसा नावाच्या वस्तूने नव्हे, कारण आजच्या अर्थाने ती वस्तू तेव्हा नव्हतीच. अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये केला होता. दरवाजे मिटायला लागले होते, पण हिंदुस्थानातून आलेल्या एका विद्यार्थिनीपर्यंत ते अजून पोचले नव्हते. हिंदुस्थानात पासपोर्टची सक्ती आली पहिल्या महायुद्धात, आणि १९२० मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे आनंदीबाई मोकळ्या जगात गेल्या, असं म्हणावंसं वाटतं. पण त्यांच्याही हातात बोलावणं होतं. पती गोपाळरावांचं पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून आलं, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि पुढे त्यांचंच घर आनंदीबाईंचं अमेरिकेतलं घर झालं. आजचा ब्रिटिश किंवा कॅनेडियन अर्ज ज्याला प्रायोजक म्हणतो ते काम, कोणत्याही कायद्याने सांगितलेलं नसताना, या बाईंनी केलं. राहण्याची सोय, ओळख, आजारपणात जबाबदारी हे सगळं कायदा येण्याआधीपासून लागतच होतं. कायद्याने त्याचा फक्त रकाना केला.

सेवेसाठीच गेलेल्या मराठी माणसाचं सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरचं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या चित्रपटातून ओळखतो आणि म्हणून ती एका ध्येयवेड्या तरुणाची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. ती तशी आहेच. पण तो तरुण चीनमध्ये पोचला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली: हे बोलावणं. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमा झाला, रुग्णवाहिका आणि औषधं घेतली गेली, पाच डॉक्टर निवडले गेले: ही पाठवणी. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोट सुटली. मधे तिसरा हात होता तो सरकारचा, आणि तो पासपोर्टच्या रूपाने आपलं अस्तित्व दाखवून गेला. मूळ निवडीतल्या कलकत्त्याच्या एका डॉक्टरांना त्यांच्या राजकीय संबंधांमुळे पासपोर्ट नाकारण्यात आला आणि त्यांच्या जागी बिजयकुमार बसू आले. ज्याला नाकारलं त्याची तळमळ कमी होती असं कोण म्हणेल? राज्यसंस्थेने तळमळ मोजलीच नाही. तिने माणूस कुणाचा आहे ते पाहिलं.

पुढचा भाग आपल्या विषयाला आणखी जवळचा आहे. पथक १९३९च्या फेब्रुवारीत येनानला पोचलं. एकेक करून चौघे मायदेशी परतले. कोटणीस राहिले. राहिले म्हणजे काय झालं, ते कागदाच्या भाषेत पाहा. पाहुण्या पथकाचे सदस्य म्हणून गेलेले कोटणीस १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, त्याच वर्षाअखेरीस को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. नोकरी, लग्न, सभासदत्व: परक्या देशात मुळं धरण्याच्या ज्या तीन वाटा आजही कायदा ओळखतो, त्या तिन्हींवरून ते चार वर्षांत गेले. युद्धाच्या त्या धुमाळीत कुणी शिक्के तपासत बसलं नव्हतं, पण घडलं ते नियमानुसारच घडलं म्हणायचं. लांब मुदतीचा स्वयंसेवक फार काळ नुसता स्वयंसेवक राहत नाही. तो कर्मचारी होतो, नातेवाईक होतो किंवा नागरिक होतो. नाहीतर परत येतो.

आता आजचे नियम. सगळ्या देशांची यादी वाचून दाखवण्यात अर्थ नाही, ती दर सहा महिन्यांनी बदलते. एकच दार नीट जवळून पाहू, म्हणजे बाकीच्यांची घडण कळेल. ब्रिटनमध्ये बिनपगारी सेवेसाठी स्वतंत्र व्हिसा आहे, धर्मादाय कार्यकर्त्यांचा. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. अर्ज करण्याआधी तिथल्या एखाद्या धर्मादाय संस्थेने गृहखात्याकडून प्रायोजक म्हणून परवाना काढलेला असावा लागतो. ती संस्था तुमच्या नावाचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देते, आणि ते प्रमाणपत्र म्हणजे कागद नसून संगणकावरचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक हाती असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बँकेत किमान १,२७० पौंड सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवावं लागतं, संस्थेने खर्चाची हमी घेतली असेल तर नाही. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार, जो २०२४ पासून प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आहे, तो अर्जाबरोबरच भरायचा. काम त्या संस्थेच्या उद्दिष्टाशी थेट जोडलेलं हवं, कायमची जागा भरणारं नको, आणि मोबदला घ्यायचा नाही. या व्हिसावरून कायमच्या वास्तव्याकडे वाट जात नाही. नुसत्या पर्यटक व्हिसावर गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत मदत करता येते, त्यापुढे नाही.

याच्या शेजारीच ब्रिटनचा दुसरा व्हिसा ठेवून पाहा, धार्मिक सेवकांचा. मुदत २४ महिने, म्हणजे बरोबर दुप्पट. अमेरिकेत धार्मिक सेवकाच्या आर-१ व्हिसावर आधी ३० महिने आणि मग आणखी ३०, अशी एकूण पाच वर्षं राहता येतं. अट अशी की तुम्ही त्या पंथाचे आधीपासून किमान दोन वर्षं सभासद असायला हवं. उलट बिगरधार्मिक स्वयंसेवकाला अमेरिकेत मिळतो तो बी-१, म्हणजे मुळात व्यावसायिक भेटीसाठीचा व्हिसा, मान्यताप्राप्त सेवा-कार्यक्रमात भाग घेण्यासाठी वापरू दिलेला. हा भेदभाव आहे का? वरवर आहे, आणि निधर्मी माणसाला तो बोचेलही. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. मठ, चर्च, गुरुद्वारा किंवा रामकृष्ण मिशन या संस्था माणसाला कुठे पाठवायचं, किती दिवस, आजारी पडला तर काय, चुकला तर परत कसा बोलवायचा, हे फार आधीपासून ठरवून बसलेल्या असतात. त्यांच्याकडे पाठवण्याची रीत आहे. सरकार जो जास्तीचा काळ देतं तो भक्तीला नव्हे, या रीतीला देतं. आपल्या समाजसेवी संस्थांनी अशी रीत घातली असती तर त्यांनाही हे मागता आलं असतं, असं मानायला जागा आहे.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगतो. कॅनडात बिनपगारी धर्मादाय कामालाही वर्क परमिट लागतं, मात्र ‘हे काम करायला इथला माणूस मिळत नाही’ हे सिद्ध करण्याच्या मोठ्या कटकटीतून त्याला सूट आहे. जर्मनीची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये तिथे सक्तीची लष्करभरती थांबली, तिच्याबरोबर रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत राबणारी पर्यायी नागरी सेवाही थांबली, आणि ती पोकळी भरायला त्याच वर्षी संघीय स्वयंसेवा सुरू झाली. वयाची वरची मर्यादा नाही. मुदत साधारण एक वर्ष, दीड वर्षापर्यंत वाढू शकते. हातखर्चाला पैसे आणि सामाजिक विमा मिळतो. परदेशी माणसालाही त्यासाठी निवासपरवाना मिळतो, पण आधी संस्थेशी करार आणि कामापुरतं जर्मन हवं. नंतर तिथेच परिचर्येचं व्यावसायिक शिक्षण घेण्याकडे अनेक जण वळतात, आणि जर्मनीला त्यात वावगं वाटत नाही, कारण तिला माणसं हवीच आहेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग १९७० पासून आहे, १९९६ पासून त्याचं मुख्यालय बॉनला आहे. तिथे अर्ज संस्थेकडेच करायचा असतो, नेमणूक झाली की व्हिसाची व्यवस्था यजमान कार्यालयाच्या मदतीने होते आणि निर्वाहभत्ता मिळतो. आपण मघाशी पाहिलेल्या अभियंत्यासाठी सगळ्यांत सरळ रस्ता मला हा दिसतो. पंचविशीतल्या पदवीधराला आणखी एक चोरवाट नव्हे, पण आडवाट आहे. भारत आणि ब्रिटन यांच्या कराराने २०२३ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षांचा खुला व्हिसा मिळतो, दरवर्षी ३,०००, सोडत काढून. त्यावर पगारी नोकरी करा, अर्धा वेळ सेवा करा, कुणी विचारत नाही. सेवेच्या नावाचा व्हिसा एक वर्षाचा आणि सेवेचं नावही न घेणारा दोन वर्षांचा, हा विरोधाभास गमतीचा आहे खरा.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे: मी पैसे घेत नाही, कुणाची नोकरी हिरावत नाही, मग परवाना कशाला? हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण काम फुकट झालं तरी ते कामच असतं, आणि ते कुणीतरी पगार घेऊन केलं असतं का, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या आपल्याच लोकांत हे रोज घडतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालच्या मराठी शाळांत रविवारी सकाळी शिकवणाऱ्यांत एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नोकरीची आपोआप मुभा नसलेल्या, गृहिणीही असतात. सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबाही मुलांना बाराखडी गिरवायला बसवतात. शाळा ना-नफा, शिक्षकांना पगार कुणालाच नाही, म्हणून हे चालतं. त्याच आजोबांनी मुलाच्या मित्राच्या कंपनीत ‘वेळ जात नाही’ म्हणून फुकट हिशेब लिहायला घेतले तर ते काम ठरतं, पैसे न घेताही ठरतं. फरक हेतूत नाही, तो ती जागा एरवी पगाराची असते का, यात आहे. आणि ही रेघ ओढण्यामागे कामगाराचं हित आहे. ‘स्वयंसेवक’ म्हणून आणून, पासपोर्ट काढून घेऊन, अठरा तास राबवणारे लोक जगात आहेत. प्रायोजकाचा परवाना काढून घेता येतो ही भीती त्यांना थोडी तरी आवरते.

याच बाबतीत यजमान देशांची शंका आणखी एका ठिकाणी रास्त ठरली आहे. कंबोडियात आणि नेपाळमध्ये परदेशी स्वयंसेवकांचा ओघ वाढला तशी अनाथाश्रमांची संख्या वाढली, आणि त्यांतल्या अनेक मुलांचे आईबाप हयात होते हे नंतर उघड झालं. दोन आठवड्यांसाठी येऊन मुलांना कवटाळून फोटो काढणारा पाहुणा पैसे देतो, म्हणून मुलं गोळा केली जातात. मुलाला मात्र दर पंधरवड्याला एक नवा दादा, एक नवी ताई मिळते आणि निघून जाते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीने २०१७ मध्ये अशा व्यवहाराला आधुनिक गुलामगिरीच्या चौकटीत पाहिलं. म्हणून छोट्या सेवेला मोकळीक आणि मोठ्या सेवेला अडवणूक, ही आजची रचना मला उफराटी वाटते. ३० दिवसांच्या सेवकाला कुणी काही विचारत नाही आणि नुकसान तोच जास्त करतो.

दुसरा आक्षेप: मग ही श्रीमंतांची मिजास झाली. अधिभार, बँकेतली शिल्लक, अर्जाचं शुल्क, विमान यांची बेरीज केली तर ब्रिटनचं एक वर्ष फुकट राबायला आधी अडीच लाखांहून जास्त रुपये हाताशी हवेत. डोंबिवलीतल्या तीन खणांच्या घरातून निघालेल्या मुलाने ते कुठून आणायचे? हा आक्षेप मी मोठ्या प्रमाणात मान्य करतो. त्यावर आणखी एक अडचण आहे. अमेरिकेचा व्हिसा अधिकारी कलम २१४(ब)नुसार समोरचा माणूस तिथेच राहायला आला आहे असं गृहीत धरूनच प्रश्न विचारतो, आणि परत येण्याची कारणं त्याला पटवायची असतात. घर नाही, लग्न नाही, नोकरी सोडलेली, बिनपगारी वर्षभर राहणार: खरा सेवाभावी माणूस आणि तिकडे गुपचूप राहू पाहणारा माणूस, दोघांचे अर्ज कागदावर अगदी सारखे दिसतात. अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या खिडकीपाशी दोघांतला फरक सांगू शकेल अशी साक्ष एकच, पाठवणाऱ्या संस्थेची. पैशाचा प्रश्नही तिथेच सुटतो. १९३८ मध्ये कोटणिसांच्या बोटीचं भाडं सोलापूरच्या घरावर पडलं असतं तर आज आपल्याला त्यांचं नाव माहीत नसतं. ते देशाने वर्गणी काढून भरलं.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. परके देश आपल्याला अडवतात, अशी तक्रार करताना आपण स्वतः काय करतो? भारतात ई-पर्यटक व्हिसावर येणाऱ्याला बिनमोबदला सेवा करता येते ती एक महिनाभर. ब्रिटनचे ३० दिवस आणि आपला एक महिना यांत फरक नाही. त्याहून जास्त काळ स्वयंसेवी संस्थेत काम करायचं तर रोजगार व्हिसा घ्यावा लागतो, ज्यावर संस्थेचं नाव आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. एरवी त्या व्हिसाला वर्षाला १६ लाख २५ हजार रुपये किमान पगाराची अट आहे, मानद सेवेला ती लागू होत नाही. मुक्काम १८० दिवसांहून मोठा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. १९२० आणि १९४६चे जुने कायदे रद्द करून केलेला नवा परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे, पण मूळ धोरण तेच आहे. माणूस कुणाचा, हा प्रश्न आपणही पहिला विचारतो. आणि तो विचारण्याचा हक्क कुठल्याही देशाला आहे, असंच माझं मत आहे.

बाहेरून भारतात आलेल्या दोन बायकांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या, फलटणच्या मराठीवर त्यांनी प्रबंध लिहिला, १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या, आणि फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी केली. गेल ऑम्व्हेट बर्कलीहून आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात भारत पाटणकरांच्या घरी सून म्हणून राहिल्या, १९८३ मध्ये नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा ही देवाणघेवाण पुरती होती: अमेरिकेचा पासपोर्ट टाकून इथला घेतला. आजच्या कायद्यात देशीयकरणाने नागरिक व्हायला एकूण १२ वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यांच्या काळी ती अट इतकी लांब नव्हती. ‘परदेशी बाईंनी केलेली सेवा’ असं या दोघींच्या कामाबद्दल कुणी म्हणत नाही. कोटणिसांची वाट सोलापूरहून चीनकडे गेली, यांची मिनेसोटा-मिशिगनकडून सातारा-सांगलीकडे आली, पण शेवट सारखा. लांब सेवेचा खरा व्हिसा नागरिकत्व हाच असेल, तर दोन-तीन वर्षं जाऊन परत येऊ इच्छिणाऱ्या आपल्या अभियंत्याने आपण त्या जातीचे नाही हे आधीच ओळखावं. त्यात कमीपणा नाही. त्याला हवी आहे ती मधली मुदत, आणि तीच व्यवस्थेत सर्वांत दुर्मीळ आहे.

ही मधली मुदत भारतीयाला एका देशात जवळजवळ आपोआप मिळते, आणि तिचा विचार कुणी करत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीयाला नेपाळात राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. इतर परदेशी माणूस पर्यटक म्हणून तिथे वर्षात १५० दिवसांपलीकडे राहू शकत नाही. आपल्यासाठी तशी मुदत नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसहून रक्सौलला जाणारी गाडी कल्याणवरूनच जाते. रक्सौलला उतरून सीमा ओलांडली की वीरगंज. तरीही सेवेसाठी परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन, टोरांटो, फार तर नैरोबी येतं. याचं कारण थोडं कडू आहे: आपल्या सेवेच्या स्वप्नात थोडासा परदेशही मिसळलेला असतो, आणि नेपाळ पुरेसा परदेश वाटत नाही. व्हिसा नसला म्हणून नियम संपत नाहीत, हेही सांगायला हवं. डॉक्टरला तिथल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते. हा मुद्दा सगळ्याच देशांना लागू आहे आणि तो सर्रास विसरला जातो. व्हिसा मिळाला म्हणजे रुग्णाला हात लावायची परवानगी मिळाली असं नाही; ब्रिटनमध्ये ती जनरल मेडिकल कौन्सिल देते आणि स्वयंसेवकाला त्यात सवलत नाही. नुसत्या सेवाभावावर गेलेला डॉक्टर मग वर्षभर खोकी उचलतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत वजनदार. शहापूर इथून तासाभरावर आहे. भातसा आणि तानसा तिथल्या जमिनीवर, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बाया. मुरबाडच्या शाळांना शिक्षक हवे आहेत. पाण्याचं काम करायला टांझानिया कशाला? मी या आक्षेपाला उत्तर देण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घेईन. बहुतेकांसाठी तो बरोबर आहे. त्यांनी शहापूरलाच जावं. परदेशी जायचं समर्थन तिथेच होतं जिथे तुमच्याकडचं कौशल्य त्या ठिकाणी खरोखर दुर्मीळ आहे आणि तिथल्या कुणीतरी ते मागितलं आहे. चू ते यांनी डॉक्टर मागितले, कारण त्यांच्याकडे पुरेसे शल्यचिकित्सक नव्हते. व्याख्याते मागितले नव्हते. पण याच आक्षेपातून पाठवणाऱ्या संस्थेला कसोटीही मिळते. शहापूरच्या पाड्यावर ज्याने एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढला नाही, पाणी समितीच्या बैठकीत ज्याने शिव्या खाल्ल्या नाहीत, त्याला तिने सीमेपार पाठवू नये. ज्याने काढला, त्याच्याबद्दल ती जे पत्र लिहील त्यात ‘अत्यंत सेवाभावी’ यासारखी निरुपयोगी विशेषणं लागणार नाहीत. तो कुठे होता, किती दिवस, काय बांधलं, काय मोडलं, पैशाचा हिशेब कसा दिला, हे लिहिता येईल.

अशी संस्था उभारायला इमारत लागत नाही. आपल्या दोन्ही शहरांत डॉक्टरांच्या संघटना आहेत, निवृत्त अभियंते आणि शिक्षक भरपूर आहेत, जुनी वाचनालयं आहेत, बँकांत आयुष्य काढलेली आणि हिशेब ज्यांच्या हाताच्या बोटांवर आहे अशी माणसं आहेत. नोंदणीकृत न्यास, तीन वर्षांचे तपासलेले जमाखर्च, शहापूर-मुरबाडमध्ये चालू असलेलं एक काम, आणि बाहेरच्या एकाच देशातल्या एकाच संस्थेशी लेखी करार: सुरुवातीला एवढं पुरे. करारात काय असावं हेही ठरलेलं आहे: काम कुठलं, मुदत किती, राहण्याचा आणि आजारपणाचा खर्च कुणाकडे, माणूस मध्येच परत आणायचा झाल्यास तिकीट कोण काढणार, आणि तो परतल्यावर त्याच्या जागी तिथला कोण तयार झालेला असेल. पोलिसांचा दाखला ठाण्यात वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मिळतो, पदव्यांवर अपोस्टिलचा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा, हे सगळं कुणालाही जमतं. पहिल्या वर्षी एकच माणूस पाठवावा. तो वेळेवर परत आला, मुदत संपायच्या आत, तर दुसऱ्या वर्षीच्या अर्जाला पहिल्या वर्षाची नोंद जोडता येईल, आणि व्हिसा अधिकाऱ्यासमोर ती नोंद दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त बोलेल.